उरलेले नव्वद टक्के

डोंबिवलीची माझी मावशी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेली होती. तिथून मायलेक आणि सून असे तिघे हवाई बेटांची क्रूझ करून आले आणि भारतात परतताना मावशीने भावंडांच्या घरी वाटायला कॉफीची सहा पाकिटे आणली. आमच्या वाट्याला आलेले पाकीट सोनेरी रंगाचे होते. त्यावर ज्वालामुखीचा डोंगर, दोन माडाची झाडे आणि बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘कोना’ हे तिथल्या नामांकित कॉफीचे नाव होते. खाली, औषधाच्या पट्टीवर छापतात तेवढ्या बारीक अक्षरांत, ‘१० टक्के कोना ब्लेंड’, म्हणजे मिश्रण, असे लिहिलेले होते. मी ते वाचून दाखवले आणि म्हणालो, ‘‘मावशी, यात कोना दहाच टक्के आहे गं.’’ मावशीने चष्मा लावला, पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘मग उरलेले नव्वद टक्के काय आहे रे?’’

हा प्रश्न बंदरावरच्या दुकानात विचारला गेला असता तर पैसे वाचले असते, पण क्रूझवरच्या प्रवाशाला तो तिथे सुचत नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. जहाज सकाळी लागते आणि संध्याकाळी निघते, मधल्या पाच-सहा तासांत गाव पाहायचे असते, जेवायचे असते आणि वेळेत परतायचे असते. कॉफी चाखून घ्यायला सवड नसते आणि घरी पोहोचल्यावर ती पसंत पडली नाही तर परत करायला जाणार कुठे? अशा वेळी माणूस पाकिटावरचे चित्र पाहून खरेदी करतो. म्हणून पाकिटावरचे कोणते शब्द खरोखर काही सांगतात आणि कोणते नुसते सजावटीचे असतात, हे घरून निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

आधी मावशीच्या पाकिटाचा हिशेब करू. पाकीट २२७ ग्रॅमचे, म्हणजे अमेरिकेतील अर्ध्या पौंडाचे होते. त्याचे दहा टक्के म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. एका माणसाच्या कपभर काळ्या कॉफीला साधारण १० ते १२ ग्रॅम पूड लागते. याचा अर्थ, त्या संपूर्ण पाकिटात खऱ्या कोना कॉफीचे जेमतेम दोन कप होते आणि बाकीची कॉफी बहुधा दुसऱ्या एखाद्या देशात पिकलेली, पुष्कळ स्वस्त अशी होती. यात दुकानदाराने कायदा मोडलेला नव्हता. ‘कोना ब्लेंड’ म्हणून विकायच्या कॉफीत किमान दहा टक्के कोना असावी आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापावे, एवढेच हवाई राज्याचा कायदा गेली अनेक वर्षे सांगत आला आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी दीर्घकाळ तक्रार केल्यावर २०२४ मध्ये हा कायदा बदलण्यात आला आणि २०२७ च्या जुलैपासून हे प्रमाण किमान ५१ टक्के करावे लागणार आहे. तोपर्यंत दहा टक्क्यांचे पाकीट कायदेशीरच आहे.

मुंबईकराला हे प्रकरण समजायला फारसे कष्ट पडू नयेत, कारण दर एप्रिलमध्ये आपण ते आंब्याच्या पेटीत अनुभवतो. पेटीवर ‘देवगड हापूस’ असे ठळक छापलेले असते, वरच्या थरात खरोखर देवगडचे फळ असते आणि खालच्या गवतात कर्नाटकातून आलेला, दिसायला तसाच पण चवीला निराळा आंबा असतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच कारणाने. जे नाव एका विशिष्ट मातीवर, हवेवर आणि तिथल्या लोकांच्या मेहनतीवर मोठे झाले, ते नाव दुसरीकडच्या मालाला लावता येऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. जगभरातील नामांकित कॉफीचे भांडणही नेमके हेच आहे. फरक इतकाच की आंब्याची पेटी आपण वास घेऊन आणि देठ पाहून पारखू शकतो, तर भाजून, दळून, बंद पाकिटात भरलेली कॉफी पाहून ती कोणत्या डोंगरावरची हे सांगणे जाणकारालाही अवघड जाते.

कोना हे हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील भागाचे नाव आहे. हुआलालाई आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या उतारावर, काही मैल रुंदीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात ही कॉफी होते. सॅम्युअल रगल्स या मिशनऱ्याने १८२८ मध्ये तिथे कॉफीची रोपे नेली असे मानले जाते. सकाळी ऊन आणि दुपारनंतर डोंगरावर येणारे ढग, पाण्याचा चांगला निचरा होणारी लाव्हाची जमीन, आणि एकेक पिकलेले लाल फळ हाताने तोडण्याची पद्धत, या सगळ्याचा तिच्या चवीत वाटा आहे. पण तिच्या किमतीत आणखी एका गोष्टीचा मोठा वाटा असतो आणि ती गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हवाई हे अमेरिकेचे राज्य असल्यामुळे तिथे फळ तोडणाऱ्याला अमेरिकेतील मजुरी द्यावी लागते आणि जमीनही अतिशय महाग आहे. चिकमगळूर किंवा कोस्टारिकाच्या मळेवाल्याच्या मानाने तिथला खर्च कितीतरी अधिक असतो. म्हणजे अस्सल कोनासाठी आपण जे चारपट पैसे मोजतो, त्यातून चारपट चव येते असे नाही. ती कॉफी उत्तम असते यात शंका नाही, पण किमतीचा मोठा भाग हा ठिकाणाचा असतो आणि आठवण म्हणून वस्तू घेणाऱ्याला तो द्यावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. फक्त तो ठिकाणाचा पैसा त्या ठिकाणच्या शेतकऱ्याला पोहोचावा, दहा टक्क्यांच्या ब्लेंडवाल्याला पोहोचू नये.

नाव जितके मोठे तितकी लबाडीही मोठी. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका व्यापाऱ्याचे बिंग फुटले. तो अनेक वर्षे मध्य अमेरिकेतील कॉफी कोनाच्या नावाच्या पोत्यांत भरून विकत होता आणि तज्ज्ञ समजल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्याही ही लबाडी लक्षात आली नव्हती. २०१९ मध्ये कोनाच्या शेतकऱ्यांनी अनेक विक्रेत्यांवर एकत्र दावा दाखल केला तेव्हा त्यांनी चवीऐवजी रसायनशास्त्राचा आधार घेतला. झाड ज्या मातीत वाढते तिच्यातील खनिजे बीमध्ये उतरतात आणि भाजल्यावरही त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बऱ्याच अंशी टिकते. ज्वालामुखीच्या मातीतील हे प्रमाण वेगळे असल्यामुळे पाकिटातील कॉफी तिथली आहे की नाही याचा अंदाज प्रयोगशाळेत करता आला. दाव्यातील तडजोडींची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरच्या पुढे गेली. तेव्हा हवाईत पाकीट उचलताना ‘१०० टक्के कोना’ हे शब्द असल्याशिवाय ते कोना समजू नये. ‘कोना रोस्ट’ किंवा ‘कोना स्टाइल’ अशा शब्दप्रयोगांना तर ‘मालवणी पद्धतीची’ म्हणून नागपुरात मिळणाऱ्या कोळंबीइतकाच अर्थ आहे.

कॅरिबियन क्रूझवर जाणाऱ्यांना असाच मोह जमैकात पडतो. फालमथ, ओचो रिओस किंवा माँटेगो बे या बंदरांवर उतरले की ब्लू माउंटन कॉफीच्या छोट्या गोणपाटी पिशव्या जागोजागी टांगलेल्या दिसतात. ब्लू माउंटन हा जमैकाच्या पूर्वेकडचा डोंगराळ प्रदेश आहे. कायद्याने ठरवलेल्या त्या हद्दीत, साधारण ३,००० ते ५,५०० फूट उंचीवर पिकलेल्या कॉफीलाच ते नाव लावता येते. उंचीवर हवा थंड असल्यामुळे फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते आणि चव भरते. ही कॉफी पोत्यांत न भरता लाकडी पिंपांत भरून निर्यात करण्याची जुनी पद्धत आहे आणि त्या पिंपांतील फार मोठा वाटा अनेक दशके जपानला जात आला आहे. उत्पादन मुळात थोडे, त्यात वादळांचा तडाखा. १९८८ च्या गिल्बर्ट वादळाने तर तिथले मळे झोपवले होते. किंमत चढी राहते ती यामुळे.

जमैकातली एक फसगत मात्र शब्दांची आहे आणि ती मला फार गमतीची वाटते. ‘जमैका हाय माउंटन’ असे नाव वाचले की ब्लू माउंटनपेक्षाही उंचावरची कॉफी असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे नाव ब्लू माउंटनच्या खालच्या उंचीवर, साधारण १,५०० ते ३,००० फुटांवर पिकणाऱ्या कॉफीचे आहे. कॉफी म्हणून ती वाईट नसते आणि ते नावही अधिकृतच आहे, पण तिच्यासाठी ब्लू माउंटनचे दाम मोजू नये.

‘स्थानिक’ या शब्दाचाही थोडा उलगडा करायला हवा. मुंबईहून विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून क्रूझ घेणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि परतताना ‘सिंगापूरची कॉफी’ आणणारीही पुष्कळ आहेत. सिंगापुरात कॉफीचे मळे नाहीत. तिथली ‘कोपी’ स्थानिक आहे ती भाजण्याच्या रीतीमुळे. बहुतेककरून रोबस्टा जातीच्या बिया साखर आणि मार्गारिन घालून काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजतात आणि कंडेन्स्ड दुधाबरोबर पितात. ती आणायला माझी हरकत नाही, उलट दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या माणसाला ती कोनापेक्षा लवकर आवडेल, पण आपण रीत विकत घेतो आहोत, डोंगर नव्हे, हे ठाऊक असावे. कोलंबोला उतरणाऱ्यांनी चहाच घ्यावा. श्रीलंकेत एके काळी कॉफीचे मोठे मळे होते, परंतु १८६९ पासून पसरलेल्या तांबेऱ्याच्या रोगाने ते उद्ध्वस्त झाले आणि त्या डोंगरांवर चहा आला. बालीला जाणाऱ्यांना उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची ‘लुवाक’ कॉफी दाखवली जाते. जंगली उदमांजरांनी स्वतः निवडून खाल्लेल्या फळांची ही कॉफी म्हणून तिची ख्याती झाली आणि मागणी वाढताच पिंजऱ्यात कोंडून, कॉफीची फळे चारून तिचे उत्पादन होऊ लागले. पाकिटावर ‘जंगली’ लिहिलेले असले तरी ते तपासण्याचे साधन प्रवाशाकडे नसते. मी तरी ती घेणार नाही.

आता खरेदीच्या जागेविषयी. क्रूझवर बंदर येण्याच्या आदल्या दिवशी खरेदीविषयी एक माहितीपर कार्यक्रम होतो, नकाशा वाटला जातो आणि ‘शिफारस केलेली दुकाने’ सांगितली जातात. अनेक जहाजांवर ही शिफारस म्हणजे दुकानांनी पैसे देऊन केलेली जाहिरात असते. हे लपवलेले नसते, बारीक अक्षरांत छापलेलेही असते, पण सांगणारी व्यक्ती जहाजाचा बिल्ला लावून बोलत असल्यामुळे प्रवाशाला ती घरचा सल्ला देते आहे असे वाटते. आग्रा दाखवणारा टॅक्सीवाला ज्या संगमरवराच्या दुकानासमोर गाडी थांबवतो, त्याचाच हा समुद्रावरचा भाऊ. धक्क्यालगतच्या दुकानांत भाडे अधिक, म्हणून दरही अधिक. गावात पंधरा मिनिटे चालत गेल्यावर जिथे स्थानिक लोक साखर-तांदूळ घेतात अशा दुकानात तीच कॉफी बऱ्याचदा स्वस्त मिळते आणि तिथला माल लवकर खपत असल्यामुळे ताजीही असते. मात्र वेळेचे भान ठेवावे. कैलुआ-कोनाला मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. मावशीचा जाता-येता मिळून तास-दीड तास त्या बोटीच्या रांगेत गेला होता आणि उरलेल्या घाईत तिने धक्क्यावरच्या पहिल्याच दुकानातून सहा पाकिटे उचलली होती.

नावाची आणि टक्क्यांची शहानिशा झाली की पाकिटावर भाजल्याची तारीख शोधावी. माझ्या मते नावाच्या खालोखाल हीच गोष्ट महत्त्वाची, आणि सामान्य गिऱ्हाईक तिच्याकडेच सर्वांत कमी पाहते. कच्ची, हिरवट कॉफी काही महिने बरी टिकते. भाजल्यावर मात्र तिचे घड्याळ सुरू होते. भाजताना दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पुढे काही दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो आणि त्याच्याबरोबर सुगंधही जात राहतो. शिवाय हवेतील प्राणवायूमुळे दाण्यातील तेले खवट होऊ लागतात. अखंड दाण्यांची कॉफी भाजल्यापासून साधारण महिना-दीड महिना चांगली लागते. दळलेल्या कॉफीचा उघडा पडलेला पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून पाकीट फोडल्यावर तिचा सुगंध काही दिवसांतच उतरतो. चांगल्या पाकिटाला नाण्याएवढी एक चकती असते. ती एकेरी झडप असून आतला वायू तिच्यातून बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. पाकीट हलके दाबून त्या झडपेशी नाक नेले तर आतल्या मालाची कल्पना येते. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख मात्र दिशाभूल करू शकते, कारण कारखानदार ती भाजल्यापासून वर्ष-दोन वर्षांपुढचीही टाकतात. भाजल्याची तारीख छापलेलीच नसेल तर ते पाकीट शोभेचे समजावे, मग त्यावर कितीही सुंदर ज्वालामुखी असो. प्रीमियम, गोर्मे, एक्झॉटिक या शब्दांचा कोणालाही हिशेब द्यावा लागत नाही. ‘१०० टक्के अरेबिका’ हे विधान खरे असले तरी ते फक्त जात सांगते, गाव सांगत नाही.

इतके सगळे परदेशाचे झाले. परंतु बॅलार्ड पिअरवरून निघणाऱ्या जहाजात बसलेल्या मुंबईकराला आपल्याच किनाऱ्यावर जी कॉफी मिळू शकते, तिच्याइतकी समुद्रप्रवासाला साजेशी आठवण जगात दुसरी नसेल. तिचे नाव ‘मॉन्सून्ड मलबार’. तिची चव जहाजानेच घडवली.

शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारच्या किनाऱ्यावरून युरोपला जाणारी कॉफी आफ्रिकेला वळसा घालून जात असे आणि त्या प्रवासाला सहा-सहा महिने लागत. लाकडी जहाजाच्या तळात, खाऱ्या दमट हवेत पडून पडून हिरव्या बिया फुगत, फिक्या पिवळसर होत आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होई. युरोपातील गिऱ्हाइकाला वाटे, भारतातील कॉफी अशीच असते. पुढे आगबोटी आल्या आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. प्रवास काही आठवड्यांवर आला, कॉफी ताजी व हिरवी पोहोचू लागली, आणि गिऱ्हाईक म्हणू लागले की ही ती कॉफी नव्हे. मग जहाजात जे आपोआप होत होते ते किनाऱ्यावर मुद्दाम करण्याची पद्धत निघाली.

पावसाळ्यात बिस्किटाचा डबा उघडा राहिला की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. बिस्किटे सादळतात. ही कॉफी म्हणजे शास्त्रशुद्ध रीतीने सादळवलेली कॉफी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मंगळुरू आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर, बाजूंनी उघड्या असलेल्या गोदामांत निवडक अरेबिका बिया चार-सहा इंचांच्या थरात पसरतात. समुद्रावरचा वारा आरपार वाहतो, माणसे थोड्या थोड्या वेळाने लाकडी दाताळ्याने बिया खालवर करतात. पुढे त्या पोत्यांत सैलसर भरून, दोन पोत्यांमधून वारा खेळेल अशा रीतीने रचतात आणि अधूनमधून पोती बदलतात. बारा ते सोळा आठवड्यांत बी ओलावा शोषून टपोरे होते आणि त्याचा रंग फिकट सोनेरी होतो. न फुगलेल्या बिया वेचून बाजूला काढतात. आपल्या डाळ-तांदळाला ज्या हवेने पोरकिडे लागतात, त्याच हवेतून हा माल निघतो, याचे मला दर वर्षी नवल वाटते. सप्टेंबरअखेर हे काम आटोपते आणि ऑक्टोबरनंतर आपल्याकडचा क्रूझचा हंगाम जोर धरतो, त्यामुळे हिवाळ्यात जाणाऱ्या प्रवाशाला नव्या हंगामाचा माल मिळण्याची शक्यता चांगली असते. भौगोलिक मानांकनही तिला आहे. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू येथील अरेबिका व वायनाडची रोबस्टा यांनाही ते मिळाले. मॉन्सून्ड मलबारला ते त्याआधीच मिळालेले होते.

भारतीय कॉफीच्या पाकिटावरील भाषा वेगळी असते, तिचाही उलगडा करून ठेवतो. आपल्याकडे ‘प्लँटेशन’ या शब्दाचा व्यापारी अर्थ मळा असा नाही. फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेल्या अरेबिकाला प्लँटेशन म्हणतात. फळ जसेच्या तसे उन्हात वाळवून मग फोडले तर ती ‘चेरी’, आणि धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. पुढची ए, डबल ए ही अक्षरे बीचा आकार सांगतात, चव नव्हे. ‘पीबेरी’ म्हणजे एका फळात नेहमीच्या दोन चपट्या बियांऐवजी तयार झालेली एकच गोल बी. ती दिसायला सुबक असते. चवीत जमीनअस्मानाचा फरक असतो असे मला कधी जाणवलेले नाही. रोबस्टाला नाक मुरडू नये. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि दुधात तीच अधिक ठाशीव उतरते.

मग येते चिकोरी. ही एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळे. आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात ८०-२० मागितली तर ती कशाची विभागणी आहे हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. फिल्टर कॉफीला दाटपणा आणि रंग येतो तो चिकोरीने, म्हणून ती भेसळ नव्हे. पण मसाल्याच्या दुकानातून भेट म्हणून सुंदर डब्यातील ‘मलबार कॉफी’ घेतली आणि घरी येऊन कळले की निम्मी चिकोरी आहे, तर आपण पुन्हा मावशीच्या पाकिटापाशीच पोहोचलो. (महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण तिथवर अजून जहाज जात नाही.)

आणण्याविषयी दोनच गोष्टी. परदेशातून कॉफी आणायची ती भाजलेलीच आणावी. कच्च्या बियांना वनस्पती संगरोधाचे म्हणजे प्लँट क्वारंटाइनचे नियम लागू होतात आणि परवान्याशिवाय त्या आणता येत नाहीत. हा नियम उगाच जाचक नाही. श्रीलंकेचे मळे ज्या तांबेऱ्याने गेले, तो हवाईत २०२० मध्ये पोहोचला. दुसरे म्हणजे परतीचा प्रवास विमानाचा असेल तर दळलेली पूड हातातल्या बॅगेत ठेवू नये. अमेरिकेकडे जाणाऱ्या उड्डाणांत ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक पूड केबिनमध्ये नेताना अडवणूक होऊ शकते. दाणे सामानात, कपड्यांच्या मध्ये ठेवावेत. कपड्यांना वास लागतो, तो दोन धुण्यांत जातो.

घरी आल्यावर खरी परीक्षा असते ती मुंबईच्या हवेची. पाकीट फ्रिजमध्ये, लसणाच्या चटणीशेजारी ठेवणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. कॉफी वास ओढून घेते आणि दर वेळी बाहेर काढताना थंड दाण्यांवर दव धरते. आठवडाभर पुरेल एवढे दाणे घट्ट झाकणाच्या, पूर्ण कोरड्या स्टीलच्या डब्यात घालून शेगडीपासून दूर ठेवावेत. बाकीचे हवाबंद लहान पुड्यांत फ्रीझरमध्ये ठेवून एक पुडी काढली की ती संपवावी, परत ठेवू नये. दळायला वेगळे यंत्र नसेल तर मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून दोन-तीन वेळा फिरवावे म्हणजे पूड तापणार नाही. मात्र त्या भांड्यात आदल्या दिवशी गोडा मसाला केलेला नसावा. मी एकदा हे विसरलो होतो आणि दगडफुलाच्या वासाची चिकमगळूर अरेबिका संबंध कुटुंबाने निमूटपणे प्यायली.

करण्याची रीत सोपी आहे. पाणी उकळून गॅस बंद करावा, अर्धा-एक मिनिट थांबावे, माणशी १० ते १२ ग्रॅम जाडसर पुडीवर सुमारे १८० मिलिलिटर पाणी ओतून झाकण ठेवावे आणि चार मिनिटांनी स्वच्छ फडक्यातून गाळावे. पहिला कप दूध-साखरेशिवाय घ्यावा, कारण ज्या गोष्टीचे दाम मोजले ती त्यातच कळते. दुसऱ्यापासून घरच्या सवयीप्रमाणे करायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे कॉफी म्हटली की दूध, साखर आणि वरून किसलेले जायफळ असते. कोना किंवा ब्लू माउंटनसारखी नाजूक, फुलांच्या अंगाने जाणारी चव जायफळापुढे उभी राहत नाही, ती दुधातच विरते. मॉन्सून्ड मलबारची गोष्ट निराळी आहे. तिच्यात आंबटपणा नसतो, मातीचा आणि मसाल्याचा जड गंध असतो, त्यामुळे दूध तिला पेलवते आणि जायफळ तिला शोभते.

यंदा डिसेंबरात मावशी आणि काका मुंबईहून कोचीपर्यंतच्या क्रूझला निघाले आहेत. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा तिने वही-पेन घेऊन मला सगळे पुन्हा सांगायला लावले: दाणेच घ्यायचे, दळून आणायचे नाहीत, मॉन्सून्ड मलबार असे पूर्ण नाव पाहायचे, चिकोरी नाही ना ते वाचायचे, भाजल्याची तारीख महिन्याभरातली असावी, धक्क्यावरचे पहिले दुकान सोडायचे, आणि प्रत्येक घरी पाव किलोपेक्षा जास्त नको. सगळे लिहून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘आणि जायफळ? कोचीला ते चांगले मिळते म्हणतात.’’ ते मात्र तिने अख्खेच आणावे, पूड नको.